नेपाळच्या डोंगरगावातली शनिवारची संगती: खानदेशातून जाणाऱ्या मंडळीसाठी

प्रश्न थोडक्यात असा. नवापूर तालुक्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीतले (चर्चमधले) नऊ जण दिवाळीनंतर नेपाळात, पाल्पा जिल्ह्यातल्या एका डोंगरगावी सेवेसाठी जाणार आहेत. तरुण संघातले सहा, महिला मंडळातल्या दोघी आणि एक वडील, म्हणजे मंडळीचे ज्येष्ठ पुढारी. शनिवारी संध्याकाळी गावात पोचायचं, रविवारच्या उपासनेत दोन मराठी गीतं, एक नाटिका, वडिलांचा पंधरा मिनिटांचा संदेश, नंतर मुलांना वह्या-चॉकलेट वाटप, आणि सोमवारी परतीची वाट. यात काय राहिलं, काय चुकलं?

सगळ्यात आधी तिकीट बदला. नेपाळात उपासना शनिवारी असते. देशाची साप्ताहिक सुट्टी शनिवारची, म्हणून मंडळ्याही शनिवारीच जमतात. यावरून ते शब्बाथ पाळणारे वेगळ्या पंथाचे लोक आहेत असा अर्थ काढू नका. आपल्यासारखेच सर्वसाधारण विश्वासणारे, फक्त वार वेगळा. तुमच्या बेताप्रमाणे तुम्ही उपासना संपल्यावर चार-पाच तासांनी गावात शिराल आणि रविवारी सकाळी लोक शेतावर निघालेले असतील. मग तिथले पाळक (पास्टर) भिडेखातर पंधरा-वीस जणांना हाताला धरून बोलावून आणतील आणि तुम्हाला वाटेल की इथली मंडळी फारच लहान.

वेळापत्रक उलटं मांडा. शुक्रवारी दुपारी गावात पोचायचं असेल तर गुरुवारी रात्री तानसेनमध्ये, म्हणजे पाल्पा जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी, मुक्काम हवा. नंदुरबारहून भुसावळ, भुसावळहून गोरखपूरची गाडी. हा टप्पा साधारण एक दिवस आणि एक रात्र खातो, आणि उत्तरेकडे थंडीच्या तोंडावर गाड्या उशिरा धावतात हे धरून चाला. गोरखपूर ते सोनौली रस्त्याने शंभर किलोमीटरच्या आत. सोनौलीला सीमा पायी ओलांडता येते. पलीकडे भैरहवा, मग बुटवल, आणि बुटवलपासून सिद्धार्थ राजमार्गाने चाळीसेक किलोमीटर चढून तानसेन. हे चाळीस किलोमीटर नकाशावर दिसतात तेवढे सोपे नाहीत. बुटवल सोडल्यावर लगेच सिद्धबाबाचा टप्पा लागतो, तिथे कड्यावरून दगड येतात आणि रस्ता अडतो. म्हणून हा भाग अंधार पडायच्या आत पार करायचा. एकूण मंगळवारी रात्री भुसावळ सोडलं तर गुरुवारी धावपळ न होता तानसेन गाठता येतं. बुधवारी निघणाऱ्याचं सगळं गाडी वेळेवर येण्यावर टांगलेलं असतं.

ऋतू तुम्ही बरा निवडला आहे. ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर म्हणजे आकाश स्वच्छ, रस्ते कोरडे, पायवाटेवर जळवा नाहीत. पण दसैं आणि तिहार हे तिथले मोठे सण याच सुमारास येतात. त्या दिवसांत बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते, शिवाय घरोघरी थोरल्यांच्या हातून टिका लावून घेण्याचा कार्यक्रम असतो. ख्रिस्ती झालेल्या माणसाची आपल्याच नातलगांशी सगळ्यात जास्त ओढाताण याच आठवड्यात होते. अशा वेळी परदेशी पाहुण्यांचा घोळका त्याच्या दारात उभा राहिला तर त्याचं काम सोपं होत नाही. सण संपून आठवडा जाऊ द्या. तारखा पक्क्या करताना तिथल्या पाळकांना विचारा, कारण त्यांचं पंचांग विक्रम संवताचं आहे आणि कॅलेंडरवरचे महिनेही वैशाख, जेठ, असार असे चालतात. आकडा सांगताना इंग्रजी तारीख आणि वार दोन्ही सांगावेत. घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं. ही पंधरा मिनिटं विसरली की सकाळची एकुलती एक जीप चुकते.

कागद आणि कायदा

भारतीय नागरिकाला नेपाळात व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, दोन्हींपैकी एक मूळ प्रत जवळ हवी. आधार कार्डावर सगळं निभतं ही आपल्याकडची सवय इथे सोडायची. ते १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या माणसांनाच चालतं. तरुण संघातलं कोणी १५ ते १८ वयातलं असेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांचं ठरावीक नमुन्यातलं ओळखपत्र घ्या. ते निघायच्या आदल्या दिवशी मिळत नाही.

व्हिसा लागत नाही याचा अर्थ धर्मप्रचाराची मुभा आहे असा नाही, आणि बरेच गट इथेच गफलत करतात. नेपाळच्या २०१५ च्या संविधानातल्या २६ व्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे, आणि त्याच कलमाने दुसऱ्याचं धर्मांतर करण्याला मनाई केली आहे. ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेतलं १५८ वं कलम त्याला शिक्षा जोडतं: पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड. गुन्हा करणारा परदेशी असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांच्या आत देशाबाहेर. आपण भाषेने, चेहऱ्याने, जेवणाने कितीही जवळचे असलो तरी त्या कलमापुढे परदेशीच.

म्हणजे करायचं काय? चर्चच्या छताखाली उपासनेत बसणं, गाणं, प्रार्थना करणं, विश्वासणाऱ्यांसमोर चार शब्द बोलणं यात कायद्याची अडचण नाही. बाजारात पत्रकं वाटणं, बसस्टँडवर गीतं गाणं, घरोघर फिरणं, मुलांना खाऊ देऊन गोष्टी सांगणं हे सगळं टाळायचं. तुमच्या वह्या-चॉकलेटचं वाटप नेमकं याच खात्यात मोडतं. वस्तू देऊन माणसं ओढली, ही तक्रार करायला तेवढं पुरतं, आणि तुम्ही सोमवारी परत निघाल तेव्हा ठाण्यात उत्तरं द्यायला पाळकच मागे उरतील. वह्या द्यायच्याच असतील तर बुटवल किंवा तानसेनच्या बाजारात विकत घ्या, पाळकांच्या हवाली करा, आणि कोणाला कधी द्यायच्या ते त्यांच्यावर सोडा. इकडून गठ्ठे नेले तर सीमेवर भन्सार, म्हणजे त्यांचं जकात खातं, अडवून धरतं. शास्त्राच्या (बायबलच्या) प्रतीही इकडून नेऊ नका. नेपाळी पवित्र शास्त्र तिथे मिळतं.

गटात नर्स किंवा डॉक्टर असेल तर ‘जाताजाता तपासणी शिबिर’ हा मोहही आवरा. परदेशी डॉक्टरला तिथे रुग्ण तपासायला नेपाळ मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते. पिशवीतल्या गोळ्या वाटणं तर नकोच.

पैसा

शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी रुपये होतात. हा दर बांधलेला आहे, रोज बदलत नाही. भारतीय शंभराच्या नोटा सीमेलगत सहज चालतात. मोठ्या नोटांचे नियम मध्यंतरी बदलत राहिले, तेव्हा शंभराच्याच न्या आणि सोनौली-भैरहवात बदलून घ्या. डोंगरात रोख रक्कमच चालते. बदलताना शंभर आणि पन्नासच्या नेपाळी नोटा मागून घ्या, दानाच्या वेळी त्या लागतात.

ओळखीची लिपी, फसवे शब्द

शंभर वर्षांपूर्वी स्वीडन आणि अमेरिकेतून खानदेशात आलेल्या मिशनऱ्यांना लिपीपासून सुरुवात करावी लागली. तुम्हाला लिपी फुकट मिळाली आहे, कारण नेपाळी देवनागरीतच लिहितात. गीतपुस्तक, फळ्यावरची ओवी, भिंतीवरचं वचन तुम्ही पहिल्या मिनिटापासून वाचू शकाल. अहिराणी बोलणाऱ्याला आणखी एक पायरी सोपी: आपलं ‘कसं शे’ मधलं ‘शे’ आणि त्यांचं ‘के छ’ मधलं ‘छ’ कानाला भावंडं वाटतात.

पण वाचता येतं म्हणजे कळतं असं नाही. ‘शिक्षा’ हा शब्द घ्या. त्यांच्याकडे त्याचा अर्थ शिकवण. पाळक ‘येशूको शिक्षा’ म्हणतील आणि मराठी कान येशूला झालेली शिक्षा ऐकेल. उलट तुमच्या वडिलांनी संदेशात ‘पापाची शिक्षा’ म्हटलं आणि दुभाष्याने शब्द तसाच उचलला तर पापाची शिकवणी दिल्यासारखं होईल. त्यांच्याकडे दंडाला ‘सजाय’ म्हणतात. ‘संसार’ म्हणजे तिथे जग, घरसंसार नव्हे. ‘मीठो’ म्हणजे चवदार. मीठ हवं असेल तर ‘नुन’ मागायचं. ‘बहिनी’ म्हणजे धाकटी बहीण, तेव्हा पाळकांच्या पत्नीला आदराने वहिनी म्हणायच्या नादात बहिनी म्हणू नका, ‘दिदी’ म्हणा. आणि सगळ्यात फसवा शब्द ‘तिमी’. तो ‘तुम्ही’सारखा वाटतो, पण वापरतात तो धाकट्यांसाठी किंवा सलगीतल्या माणसासाठी. म्हाताऱ्या माणसाला ‘तिमी’ म्हणणं म्हणजे आपल्याकडे सासऱ्याला अरे-तुरे करण्यासारखं. थोरांना, पाळकांना, अनोळखी माणसाला ‘तपाईं’. वयाने थोड्या मोठ्या पुरुषाला ‘दाइ’, धाकट्याला ‘भाइ’, आईच्या वयाच्या बाईला ‘आमा’.

उच्चारात दोन गोष्टी धरून ठेवा. लिहितात ‘वचन’, ‘विश्वास’, पण तोंडातून येतं ‘बचन’, ‘बिस्वास’. आणि क्रियापदाच्या शेवटचा अ ते पूर्ण उच्चारतात. ‘गर्छ’ मधला छ हलंत नाही. गीत गाताना हे चुकलं की सूर बरोबर असून मात्रा पडते.

पवित्र शास्त्रातल्या पुस्तकांची नावं निघण्याआधी जुळवून घ्या, नाहीतर पाळकांनी वाचन जाहीर केल्यावर सगळा गट पानं उलटत बसतो. मत्तय तिथे मत्ती, मार्क तिथे मर्कूस, योहान तिथे यूहन्ना. स्तोत्रसंहितेला भजनसंग्रह, निर्गमला प्रस्थान, प्रेषितांच्या कृत्यांना नुसतं प्रेरित, प्रकटीकरणाला प्रकाश. नीतिसूत्रांना हितोपदेश म्हणतात, आणि इथे बहुतेक मराठी माणूस गोंधळतो, कारण आपल्याला हितोपदेश म्हटलं की पशुपक्ष्यांच्या गोष्टी आठवतात. दोन्ही नावांची एक यादी करून शास्त्राच्या पहिल्या कोऱ्या पानावर चिकटवली की झालं.

शनिवार सकाळ

डोंगरात मुख्य जेवण सकाळी नऊ-दहाला होतं: डाळ, भात, भाजी, लोणचं. उपासना साधारण दहा-अकराला सुरू होते आणि दोन ते तीन तास चालते. सकाळी नुसता चहा घेऊन ‘जेवण दुपारी’ असं म्हणालात तर दीड वाजेपर्यंत पोटात कावळे ओरडतील आणि यजमानीणबाईंना वेगळा स्वयंपाक पडेल. त्यांनी वाढलेला सकाळचा भात पोटभर खा. तिखट कमी असतं. शेवभाजीच्या तर्रीवर वाढलेल्या जिभेला ते मिळमिळीत लागेल, पण पंगतीत चटणीची पुडी काढून भातावर शिंपडू नका. ‘मीठो छ’ म्हणा. उष्ट्याचा विचार त्यांच्याकडेही कडक आहे, शब्दही जवळचा, ‘जुठो’. आपल्या ताटातलं दुसऱ्याच्या ताटात टाकायचं नाही, बाटलीला तोंड लावून ती पुढे द्यायची नाही.

चपला बाहेर. आत चटई किंवा गालिचा, त्यावर मांडी. अनेक गावांत पुरुष एका अंगाला, बायका दुसऱ्या अंगाला बसतात, आपल्या पाड्यांवरच्या मंडळ्यांसारखंच. आत शिरताना थांबून पाहा आणि तसंच बसा. तळपाय व्यासपीठाकडे किंवा कोणाच्या तोंडासमोर करू नका. मांडी दुखली तर पाय बाजूला दुमडून घ्या. तीन तास जमिनीवर बसण्याची सवय मोडली असेल तर निघण्याआधी पंधरा दिवस घरी जमिनीवर बसून जेवायला लागा, यापेक्षा सोपा उपाय नाही. कपडे साधे. बायकांनी साडी किंवा ओढणी असलेला ड्रेस घातला तर प्रार्थनेच्या वेळी डोक्यावर घ्यायला पदर किंवा ओढणी असते. तिथल्या अनेक बायका शालीने डोकं झाकतात. आपल्याकडे क्रूस असलेलं मंगळसूत्र सर्रास घालतात. तिथे काही मंडळ्यांत विश्वासात आलेल्या बायकांनी सिंदूर, पोते (मण्यांची माळ) ही सौभाग्याची लेणी जाणून सोडलेली असतात, काही ठिकाणी नसतात. कोणी विचारलं तर आपली पद्धत सांगा आणि तिथेच थांबा. त्यावर शास्त्रार्थ करायची ती जागा नव्हे. एक गोष्ट मात्र स्पष्ट: दारू आणि तंबाखू तिथल्या मंडळ्यांत अजिबात खपत नाही. खिशातली पुडी सोनौलीच्या अलीकडेच टाकून द्या.

नऊ जण म्हणजे चाळीस-पन्नासांच्या मंडळीत मोठा ढीग होतो. नऊही पहिल्या रांगेत बसले की पाळक नकळत पाहुण्यांसाठी बोलायला लागतात, हिंदीत शिरतात, आणि मागे बसलेल्या आजीला आपल्याच उपासनेतलं काही कळत नाही. विखरून बसा, दोघं इथे, तिघं तिथे. समोर खुर्च्या मांडतील. एकदा नको म्हणा, दुसऱ्यांदा आग्रह झाला तर वडिलांनी बसावं, बाकीच्यांनी चटईवर. आपल्याकडेही पाहुण्यासाठी खाट टाकतात आणि तो खाली बसला तर यजमान ओशाळतो, हे विसरू नका.

नमस्काराला ‘जयमसीह’ म्हणायचं, हात जोडून किंवा उजवा हात पुढे करून. काही देताना-घेताना उजवा हात वापरायचा आणि डाव्या हाताने उजव्या कोपराला स्पर्श करायचा. दानाची थैली पुढे सरकवतानासुद्धा.

क्रम आपल्यासारखाच: सुरुवातीची प्रार्थना, गाणी, गवाही म्हणजे साक्ष, वाचन, वचन म्हणजे संदेश, भेटी म्हणजे दान, सूचना, आशीर्वाद. गाण्यात जुनी भजनं आणि टाळ्यांचे कोरस दोन्ही असतात, साथीला मादल आणि गिटार. मादल ढोलकीसारखा दिसतो म्हणून तुमचा ढोलकीवाला हात पुढे करील. बोलावल्याशिवाय वाजवू नये, ठेका वेगळा आहे. प्रार्थनेच्या वेळी सगळे एकदम मोठ्याने प्रार्थना करतात. शांत उपासनेची सवय असलेल्याला पहिल्यांदा गोंधळ वाटतो. आपणही आपल्या भाषेत, आपल्या आवाजात प्रार्थना करावी, मराठीत चालते. डोळे उघडून इकडेतिकडे बघत बसलेला पाहुणा लहान मुलांना लगेच दिसतो. पुढे उभा असलेला माणूस आवाज चढवून शेवट करतो, तिथे थांबायचं.

प्रभुभोजन बहुतेक ठिकाणी महिन्यातून एकदा असतं. तुमच्या शनिवारी आहे का, आणि बाहेरच्या मंडळीतल्या बाप्तिस्मा झालेल्यांनी घ्यायचं का, हे शुक्रवारीच विचारून ठेवा. तरुणांपैकी ज्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही त्यांना आधी सांगून ठेवा की ताट पुढे सरकवायचं. भाकर हातात आली की लगेच तोंडात टाकू नका. काही मंडळ्यांत सगळ्यांना मिळाल्यावर एकत्र घेतात.

दान नेपाळी नोटांत, प्रत्येकाने वेगळं आणि शेजाऱ्याच्या नजरेत भरणार नाही एवढं. गावात तांदूळ, अंडी, भाजीही भेटी म्हणून येते. त्या टोपलीत तुमची हजाराची नोट पडली की पुढच्या शनिवारी अंडं आणणाऱ्या आमाचा हात आखडतो. मंडळीने पाठवलेली मोठी रक्कम असेल तर ती उपासनेत जाहीर करू नका. उपासनेनंतर पाळक आणि खजिनदार दोघं समोर असताना पाकिटात द्या, आकडा लिहून दोघांची सही घ्या. फक्त पाळकांच्या हातात दिली तर हिशेबाचा संशय त्यांच्यावर येतो, आणि कोण कोणाला किती देतं हे गावात फार दिवस लपत नाही.

तुमचा कार्यक्रम

नाटिका काढून टाका. मराठी संवाद कोणाला कळणार नाहीत, वेश बदलायला जागा नसते, आणि सैतानाच्या काळ्या मुखवट्यावर मुलं एकतर रडतात नाहीतर शेवटपर्यंत हसत राहतात. तिला दिलेला सरावाचा वेळ एका नेपाळी कोरसला द्या. पाळकांकडून शब्दांचा फोटो आणि मोबाईलवर चाल मागवून घ्या. तीन आठवडे पुरतात. एक नेपाळी कोरस आणि एक मराठी गीत एवढं भरपूर. मराठीसाठी अभंगाच्या चालीचं, टाळ्यांवर चालणारं, दोन कडव्यांचं गीत निवडा. शब्द कळले नाहीत तरी ध्रुपद लोक उचलतात.

ओळख करून द्यायला उभं करतील तेव्हा प्रत्येकाने एवढंच म्हणावं: ‘जयमसीह। मेरो नाम अमुक हो। म भारतको महाराष्ट्रबाट आएको हुँ।’ बायकांनी ‘आएकी हुँ’. शेवटच्याने ‘तपाईंहरूसँग आराधना गर्न पाउँदा खुसी लाग्यो’ जोडावं. नऊ जणांची ओळख तीन मिनिटांत संपली पाहिजे. नऊ साक्षी झाल्या तर मंडळीच्या स्वतःच्या साक्षीला वेळ उरत नाही, आणि त्या ऐकण्यासारख्या असतात.

आता वडिलांचा संदेश. मुळात तो मागितला आहे का? ‘बोलाल ना?’ हे नेपाळी आदरातिथ्य आहे, त्याला आमंत्रण समजायचं असेल तर पाळकांना फोनवर सरळ विचारा की त्या दिवशी वचन कोण देणार आहे. त्यांचंच ठरलेलं असेल तर पाच मिनिटांच्या सलामीवर समाधान माना. बोलायचंच असेल तर मराठीतून नेपाळीत करणारा दुभाष्या मिळणार नाही, हिंदीतून मिळेल. कमाईसाठी भारतात राहून आलेल्या अनेक पुरुषांना हिंदी समजते, पण गावातच आयुष्य गेलेल्या बायकांना ती समजेलच असं नाही. म्हणून ‘हिंदी सगळ्यांना येते’ या भरवशावर दुभाष्याशिवाय बोलू नका.

दुभाष्या असला की पंधरा मिनिटांचा संदेश तीस मिनिटांचा होतो. म्हणजे लिहिताना सात-आठ मिनिटांचाच लिहा. वाक्य आठ-दहा शब्दांचं, आणि पूर्ण. हिंदी, मराठी, नेपाळी तिन्हींत क्रियापद शेवटी येतं, म्हणून अर्धं वाक्य तोडून दुभाष्याकडे बघितलं तर त्याच्या हातात काहीच नसतं. तो अंदाजाने पूर्ण करतो आणि पुढे तुमचं क्रियापद वेगळंच निघतं. ओव्या शुक्रवारी त्याला लिहून द्या, त्याने नेपाळी शास्त्रातून वाचाव्यात. जागच्या जागी भाषांतर केलेली ओवी कोणालाच ओळखीची वाटत नाही. विनोद, म्हणी, क्रिकेट, मराठी शब्दांवरच्या कोट्या वगळा. ‘कळण्याची भाकरी’ समजावून सांगायला तीन मिनिटं जातात. पेरणी, चारा, पाणी, कर्ज, कामासाठी बाहेरगावी गेलेला मुलगा, हे विषय नंदुरबारच्या सातपुड्यात आणि पाल्पाच्या डोंगरात सारखेच समजतात.

आणि दुसऱ्या कोणाच्या देवाबद्दल, मूर्तीबद्दल, सणाबद्दल एक शब्द नको. कायद्याचं कारण वर आलंच. दुसरं कारण असं की १९५१ पर्यंत नेपाळात उघड ख्रिस्ती मंडळी नव्हती. पोखरामधलं पहिलं चर्च १९५२ सालचं. २०२१ च्या जनगणनेत ख्रिस्ती लोक १.७६ टक्के, म्हणजे पाच लाखांच्या थोडे वर. गावातले बरेच जण पहिल्या पिढीचे विश्वासणारे आहेत. नवापूरकडे घरात तीन-तीन पिढ्यांचं शास्त्र असतं, तिथे बापाच्या घरात अजून देव्हारा असतो, आणि त्या बापाशी बोलणं चालू ठेवायची त्यांची धडपड असते.

आजाऱ्यांसाठी प्रार्थना

उपासना संपली की लोक आजारी माणसांना तुमच्यापुढे आणून बसवतील. याची तयारी बहुतेक गट करत नाहीत. तिथल्या अनेकांच्या साक्षीत आजारातून उठल्याचा भाग असतो, त्यामुळे दूरून आलेल्या पाहुण्यांकडून अपेक्षा मोठी असते. पाळक शेजारी असल्याशिवाय सुरुवात करू नका. पुरुषाने बाईच्या डोक्यावर हात ठेवू नये, गटातल्या दोघी महिलांनी बायकांसाठी प्रार्थना करावी. प्रार्थना दोन मिनिटांची. ‘तू बरा झालास’, ‘गोळ्या थांबव’, हे शब्द कोणाच्याही तोंडून निघता कामा नयेत. क्षयाच्या, मिरगीच्या, रक्तदाबाच्या गोळ्या एका उत्साही वाक्यावर बंद होतात आणि परिणाम तुम्ही भुसावळला उतरल्यानंतर दिसतो. उलट कोणते औषध चालू आहे ते विचारा आणि ते चालू ठेवायला सांगा. तानसेनमध्ये मिशनचं जुनं आणि चांगलं हॉस्पिटल आहे, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. तिथे जाण्याचं भाडं ही अडचण असते, आणि ती पाळकांशी बाजूला बोलून सुटू शकते.

पैशाची, नोकरीची, मुलाच्या शिक्षणाची मदतही मागतील. ‘बघू’ म्हणू नका. मराठी ‘बघू’ म्हणजे नाही, हे आपल्याला कळतं. दुभाष्याच्या तोंडून ते होकार होऊन जातं.

फोटो

उपासना चालू असताना फोन पिशवीत. नंतर पाळकांनी सांगितलं तर एक गट-फोटो. गावाचं नाव, चर्चची पाटी, मुलांचे चेहरे, प्रार्थना घेणाऱ्या आजाऱ्याचा चेहरा, यातलं काहीही फेसबुकवर किंवा मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाऊ नये. ग्रुपवरून ते कुठे फिरेल ते आपल्या हातात राहत नाही, आणि तक्रारीला व्हिडिओ जोडणं सोपं असतं. नवापूरला परतल्यावर अहवाल वाचाल तेव्हा ‘इतके जण विश्वासात आले’ असा आकडा घालू नका. एका शनिवारी तुम्ही तिथल्या मंडळीबरोबर बसून आलात, एवढाच तो अहवाल आहे.

उपासनेनंतर चहा आणि खाजा असतो: चिउरा म्हणजे आपले पोहे, पण कोरडे, सोबत चणे किंवा बटाट्याची भाजी. तेव्हा बसा, घाई करू नका. शनिवारची सगळ्यात चांगली बोलणी इथेच होतात, आणि तुमच्या मोडक्या नेपाळीवर लोक मोकळेपणाने हसतात. संध्याकाळी थंडी झपाट्याने उतरते, नोव्हेंबरात रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास येऊ शकतो, तेव्हा तापीकाठच्या हवेच्या भरवशावर नुसती चादर नेऊ नका. स्वेटर आणि पायमोजे पिशवीच्या वरच्या खणात ठेवा. जीप रविवारी किती वाजता निघते ते चालकाकडूनच विचारून घ्या, नेपाळी घड्याळाने, आणि यजमानीणबाईंना रात्रीच सांगा. नाहीतर ती माउली पहाटे चारला उठून नऊ जणांचा भात रांधायला घेते.